जुन्या घरासाठी कूलर कसा निवडावा: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पेठांमधल्या दगडी-मातीच्या घरांसाठी, माळवदांसाठी (मातीच्या सपाट छताच्या घरांसाठी), गिरणी कामगारांच्या पत्र्याच्या चाळींसाठी आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या स्लॅबच्या घरांसाठी आहे. नव्या फ्लॅटचा हिशेब वेगळा असतो, तो इथे नाही. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न टाकी किती लिटरची असा विचारला जातो. खरं तर घरातली हवा बाहेर कुठून जाणार, हे आधी ठरवायला हवं. ते ठरलं की निम्मी निवड झाली.

कूलरने सोलापुरात खरंच किती गारवा मिळतो?

हवा किती कोरडी आहे, त्यावर. एप्रिल-मेच्या दुपारी तापमान ४० अंश आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल, तर ओल्या फडक्याच्या थर्मामीटरवर पारा साधारण साडेबावीस अंशांपर्यंत उतरतो. कूलरसाठी ही शेवटची पायरी, त्याखाली तो जाऊ शकत नाही. चांगला पॅड, म्हणजे कूलरच्या बाजूचा पाण्याने भिजणारा थर, या फरकाचा पाऊण ते ऐंशी टक्के भाग कापतो, म्हणजे तोंडाशी येणारी हवा २६-२७ अंशांची असते. खोली मात्र तेवढी उतरत नाही. छत आणि भिंती उष्णता फेकत असतात, त्यामुळे खोलीत २९ ते ३१ धरून चाला. वर वाऱ्याचा झोत अंगावर असतो, म्हणून त्याहून गार वाटतं.

आता जुलैचं बघा. तापमान ३१, आर्द्रता ७० टक्के. त्याच कूलरची हवा जेमतेम साडेतीन अंशांनी उतरते आणि वर खोलीत दमटपणा भरतो. कूलर बिघडलेला नसतो, हवेतच पाणी प्यायची जागा उरलेली नसते. होळीपासून मृग लागेपर्यंतचं हे यंत्र आहे. पाऊस सुरू झाला की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. मे महिन्यात वळवाचे ढग भरून आले की एखाद-दोन दिवस तोच अनुभव येतो, तेव्हा मेकॅनिकला बोलवायची घाई करू नका.

माझ्या खोलीला किती मोठा कूलर लागेल?

दुकानदार चौरस फुटांत सांगतो. जुन्या घरात ते फसतं, कारण आढं उंच असतं. घनफळ काढा. उदाहरणार्थ खोली १० बाय १४ फूट आणि उंची १२ फूट, म्हणजे १६८० घनफूट, सुमारे ४८ घनमीटर. कोरड्या गरम हवेत खोलीतली हवा तासाला ३० ते ४० वेळा बदलली पाहिजे. ४८ गुणिले ३० म्हणजे १४४०, गुणिले ४० म्हणजे १९२०. तासाला दीड ते दोन हजार घनमीटर खरी हवा हवी.

'खरी' म्हणायचं कारण असं की खोक्यावरचा आकडा बहुधा मोकळ्या हवेतला, अडथळ्याशिवायचा असतो. ओला पॅड, पुढची जाळी, भिंतीतून आत यायचा रस्ता यांत पाव हिस्सा सहज जातो. त्यामुळे या खोलीसाठी खोक्यावर २००० ते २५०० लिहिलेला घ्या. काही कंपन्या सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) देतात, त्याला १.७ ने गुणलं की तासाचे घनमीटर मिळतात. खोक्यावर हवेचा आकडाच नसेल आणि नुसतं 'पॉवरफुल' लिहिलेलं असेल, तर तो ठेवून पुढे चला.

माळवद चांगलं जाड असेल आणि खोली पश्चिमेची नसेल तर खालचा आकडा पुरतो. वर पत्रा किंवा उघडा स्लॅब असेल तर वरचाच धरा.

खिडकी-दारं बंद करून कूलर लावला तर गारवा टिकेल ना?

नाही, उलट होईल. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि 'कूलर काही कामाचा नाही' ही निम्म्याहून जास्त तक्रार इथूनच निघते.

एसी खोलीतली तीच हवा फिरवतो. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तेव्हा तेवढीच आतली हवा बाहेर जायला हवी. गेली नाही तर आधी खोलीतली आर्द्रता चढते, मग बाहेरून नवी हवा येणंच मंदावतं आणि पंधरा-वीस मिनिटांत घाम सुकेनासा होतो. दर १००० घनमीटर हवेमागे साधारण सव्वा चौरस फूट उघडी जागा बाहेर जायला द्या. दोन हजारांच्या कूलरला अडीच चौरस फूट, म्हणजे एका झडपेच्या खिडकीचा अर्धा भाग. जागा शक्यतो कूलरच्या समोरच्या भिंतीत आणि उंचावर असावी, कारण तापलेली हवा आढ्याला जमते. जुन्या घरांत दारावरची जाळी किंवा माळवदातला झरोका असतो. कित्येकांनी धूळ येते म्हणून ते सिमेंटने बुजवलेत. तेवढं फोडून जाळी बसवली तर कूलर न बदलता फरक पडतो.

तपासायचं कसं? बाहेर जायच्या फटीपाशी पेटती उदबत्ती धरा. धूर ठामपणे बाहेर ओढला गेला पाहिजे. तो रेंगाळला तर फट वाढवा. याउलट सगळीच दारं सताड उघडी टाकली तर झोत जवळच्या दाराने निघून जातो आणि खोलीचा दुसरा कोपरा तापलेलाच राहतो. हवी ती खोली गार करायची तर तिच्याच पलीकडची एक वाट उघडी ठेवा, बाकीच्या लावून घ्या.

चौकाच्या घरात कूलर कुठे लावायचा?

चौकाची सावलीतली हवा आत ओढायला उत्तम. पण मग आतली हवा परत चौकात सोडू नका. चौक लहान असेल तर तीच दमट हवा कूलर पुन्हा ओढतो. चौकातून आत, रस्त्याकडून बाहेर, असा एकेरी प्रवाह ठेवा. रस्त्यावर फार धूळ नसेल तर उलटंही चालतं. पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात तापणारा कूलर टाळाच. पत्रा तापतो, टाकीतलं पाणी तापतं आणि पॅड लवकर कडक होतात. तिथेच लावणं भाग असेल तर वर पांढरं कापड किंवा बांबूची तट्टी टाका, मात्र पॅडपासून दीड फूट अंतर सोडून. पॅडला चिकटलेलं आच्छादन हवाच अडवतं.

पत्र्याचा, प्लास्टिकचा, टॉवर की डक्ट?

जुन्या घरात बाहेरच्या खिडकीला लावलेला पत्र्याचा कूलर अजूनही पहिली पसंती असायला हवी. तीन बाजूंनी पॅड, मोठं पातं, मोटार आणि पंप कुठल्याही दुकानात मिळणारे, गल्लीतला मेकॅनिकही उघडू शकतो. पत्रा जस्ताचा आणि जाड घ्या. नुसता रंगवलेला काळा पत्रा खाऱ्या पाण्याने दोन-तीन उन्हाळ्यांत तळाशी सडतो. तळाची टाकी फायबरची किंवा प्लास्टिकची असेल तर आणखी चांगलं. तोटा एकच, पण तो मोठा: शॉकचा धोका. त्यावर पुढे स्वतंत्र उत्तर आहे.

प्लास्टिकचा डेझर्ट कूलर शॉकच्या बाबतीत जास्त सुरक्षित, गंजत नाही, चाकांवर हलतो. नेमकं हेच चाक घात करतं. माणसं तो खोलीच्या मध्यभागी आणतात आणि तो खोलीचीच दमट हवा फिरवत बसतो. पाठ खिडकीला किंवा दाराला लावून ठेवणार असाल तरच घ्या.

टॉवर कूलर दिसायला छान. एका माणसाच्या पलंगापुरता. टेबलावरचे यूएसबीवाले डबे खेळणीच आहेत.

डक्ट कूलर तीन-चार खोल्यांना एकदम हवा देतो. पण प्रत्येक खोलीतून हवा बाहेर जायची वाट हवी, दोन फुटी दगडी भिंती फोडायला हव्यात आणि त्याचं वजन कुठे ठेवायचं हा प्रश्न उरतोच. जुन्या घरात तो क्वचितच जमतो.

आमच्या माजघराला बाहेरची खिडकीच नाही. काय करावं?

माजघरात कूलर ठेवू नका. पुढच्या सोप्यात किंवा बाहेरच्या खोलीत तो खिडकीला लावा, माजघराचं दार उघडं ठेवा आणि माजघराच्या पलीकडे, स्वयंपाकघरात किंवा परसदारी, ९ किंवा १२ इंची एक्झॉस्ट फॅन बसवा. हवा माजघरातून ओढली जाईल. यासाठी घनफळ मोजताना दोन्ही खोल्या धरा. स्वयंपाकघरातून हवा बाहेर जाते, त्यामुळे फोडणीचा वासही मागेच जातो. फक्त गॅसची ज्योत झोतात येत नाही ना, एवढं पाहा.

भिंत दोन फूट जाड आहे, खिडकीला गज आहेत. कूलर बसवायचा कसा?

गज कापायची गरज नाही, बारीक गजांनी हवा फारशी अडत नाही. अडचण असते ती जाड भिंतीतल्या कोनाड्याची. कूलर बाहेरच्या बाजूला, खिडकीची चौकट आतल्या बाजूला, आणि मधे दीड-दोन फुटांची पोकळी. झोत त्या पोकळीत फिरतो, अर्धा कडेने परत बाहेर येतो आणि पुन्हा पॅडमधून ओढला जातो.

उपाय पत्र्याच्या कामवाल्याकडे आहे. कूलरच्या तोंडाच्या मापाचं चौकोनी नळकांडं जस्ताच्या पत्र्यातून करून घ्या, लांबी भिंतीच्या जाडीइतकी. ते बाहेरच्या बाजूला अगदी किंचित उतरतं ठेवा, म्हणजे थेंब उडाले तर आत गळणार नाहीत. नळकांडं आणि चौकट यांतली उरलेली जागा प्लायवूडने बंद करा. फटींत जुन्या चादरीच्या पट्ट्या कोंबल्या तरी चालतं, सोलापुरात त्यांचा तोटा नाही.

स्टँडबद्दल मात्र काटकसर नको. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, वर पत्रा, मोटार आणि ओले पॅड धरून शंभराच्या आसपास वजन होतं. मातीच्या सांध्यांच्या दगडी भिंतीत ब्रॅकेट ठोकून ते लटकवू नका. मातीत खुंटी धरत नाही, आणि मोटारीच्या थरथरीने ती महिन्या-दीड महिन्यात सैल होते. चार पायांचा अँगलचा स्टँड जमिनीवर किंवा कट्ट्यावर उभा करा, पायांखाली रबराचे तुकडे द्या. वरच्या मजल्यावर जमिनीपासून पाय देणं शक्य नसेल तर हलका प्लास्टिकचा कूलर आतून खिडकीला टेकवून ठेवणं बरं. गल्ली अरुंद असेल तर जाणाऱ्याचं डोकं आपटणार नाही इतकी उंची ठेवा.

जागा नाही म्हणून माळवदावर ठेवला तर?

ठेवू नका. माळवदाचं वजन तुळयांवर असतं. चार पायांखाली शंभर किलो आणि सततची थरथर या गोष्टी त्यांच्या हिशेबात नसतात. त्याहून वाईट म्हणजे पाणी. पावसाचं पाणी उतारावरून पन्हाळ्याकडे वाहून जातं, पण कूलरचं थेंब थेंब पाणी एकाच जागी तीन महिने मुरतं. पांढरी माती फुगते, खालच्या फळ्या आणि तुळईचं टोक कुजतं, वाळवी लागते. खालून डाग दिसेपर्यंत लाकूड आतून गेलेलं असतं. सिमेंटच्या स्लॅबवर ठेवायचा असेल तर विटांच्या दोन रांगांवर, खाली ट्रे देऊन आणि तुळई किंवा भिंतीच्या वरच्या बाजूला ठेवा.

पत्र्याच्या चाळीत कूलर लावूनही उकडतं. कूलर लहान पडतोय का?

बहुधा नाही. दुपारी तापलेला पत्रा वरून शेगडीसारखी धग टाकतो, आणि गार हवा ती धग अडवू शकत नाही. आधी छताकडे बघा. पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग, नाही तर चुन्याचे दोन हात, आणि खाली एक फूट पोकळी सोडून थर्माकोल किंवा पीव्हीसीचं सीलिंग. त्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळी ठेवली की तापलेली हवा तिथूनच निघून जाते, आणि खोलीची उंची कमी झाल्याने कूलरही लहान पुरतो. थर्माकोल पेटतो, त्यामुळे चुलीच्या किंवा गॅसच्या वर तो नको.

माळवदाच्या घरात तर मुळातच गार असतं. कूलरची गरज आहे का?

कित्येकदा नसते, निदान एप्रिलच्या मध्यापर्यंत. जाड भिंतीतून उष्णता आत पोचायला आठ-दहा तास लागतात. दुपारी घर गार आणि रात्री भिंती ऊब सोडतात, हे त्यामुळेच. रात्री दहानंतर सगळं उघडून पंख्याने भिंती निववायच्या आणि सकाळी नऊच्या आत दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, ही जुन्या माणसांची शिस्त अजूनही चालते. कूलर घेतलाच तर तो रात्रीही चालवा. रात्री निवलेली भिंत दुसऱ्या दुपारी कूलरचं काम हलकं करते.

पाणी किती लागतं? आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं.

सोलापुरात हा प्रश्न टाकीच्या आकाराआधी यायला हवा. दोन हजार घनमीटरचा कूलर भर दुपारी तासाला १० ते १२ लिटर पाणी उडवतो. संध्याकाळी ते निम्म्यावर येतं. दुपारचे पाच तास आणि रात्रीचे पाच तास धरले तर दिवसाला ७५ ते ९० लिटर, शिवाय क्षार काढण्यासाठी टाकून द्यायचं पाणी वेगळं. म्हणजे दोन नळांच्या मधे एका कूलरसाठी चारशे लिटर साठा, दोनशे लिटरची दोन बॅरलं. ती ठेवायला जागा नसेल तर लहान कूलर घ्या, किंवा फक्त दुपारी चालवा. कोरडा कूलर हा महागडा पंखा असतो.

मोठी टाकी म्हणजे जास्त गारवा, हा गैरसमज आहे. टाकी फक्त किती वेळाने भरायची ते ठरवते. बॅरल उंचावर ठेवून अर्धा इंची नळी आणि फ्लोट व्हॉल्व्ह लावला तर चाळीस लिटरची टाकीही पुरते आणि रात्री उठून बादल्या ओतायला लागत नाहीत. फ्लोट मात्र दर आठवड्याला हाताने हलवून बघा. क्षाराने तो अडकला की बॅरलचं बॅरल अंगणात जातं.

बोअरचं पाणी चालेल का?

चालेल, पण किंमत मोजून. आपल्याकडचं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. पाणी उडून जातं, क्षार टाकीत राहतो. दहा लिटर आत आणि दहा लिटर हवेत, असं दोन दिवस चाललं की टाकीतलं पाणी मूळच्या कितीतरी पट खारं होतं. मग पॅडवर पांढरी खपली येते, तिथून हवा जात नाही, आणि पंपाचं पातं अडकतं.

तळाचं बूच काढून बोअरच्या पाण्याची टाकी एक दिवसाआड पूर्ण रिकामी करा, नळाच्या पाण्याची तीन दिवसांनी. ते पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरा. कुंड्यांना रोज घालू नका, माती खारवते. आरओचं वाया जाणारं पाणी कूलरला टाकायचा मोह अनेकांना होतो. ते आधीच जास्त खारं असतं, त्यामुळे टाकायचंच तर नळाच्या पाण्यात मिसळून, आणि टाकी रोज रिकामी करून.

खपली आलीच तर लिंबूसत्व, एका लिटरला ३० ग्रॅम. पॅड काढून तासभर भिजवा, मऊ ब्रशने वरून खाली घासा, भरपूर पाण्याने धुवा. तारेचा ब्रश नको. ॲसिडची बाटली तर मुळीच नको, कागदाचा पॅड आणि जस्ताचा पत्रा दोन्ही जातात.

गवत, वाळा की हनीकोंब?

गवत स्वस्त, नवं असताना चांगलं. पण महिन्याभरात ते खाली बसतं आणि वर मोकळी फट पडते. हवेला ती सोपी वाट सापडली की तापलेली हवाच आत येते. मेच्या पहिल्या आठवड्यात वरून मूठभर गवत भरा, एवढ्यानेच फरक कळतो. दर वर्षी बदलावं लागतं.

वाळ्याचा वास मन प्रसन्न करतो, त्यापलीकडे गारव्यात फार फरक नाही. गवताच्या जाळीत वाळ्याची एक पातळ जुडी बांधली की काम होतं.

हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखा कागदी पॅड, महाग, पण आकार धरून राहतो आणि पाणी सारखं पसरतं. किमान ९० मिलिमीटर जाडीचा घ्या, दोन इंचीवर पैसे घालवू नका. चांगल्या पाण्यावर दोन-तीन उन्हाळे निघतात, बोअरवर त्याहून कमी. विकत घेण्याआधी पॅडची मापं लिहून घ्या आणि तशी बाजारात सुटी मिळतात का ते विचारा. विचित्र मापाचा पॅड पुढच्या वर्षी डोकेदुखी होतो.

कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. टेस्टर लागतो, पण मंद.

आत्ताच प्लग काढा. मंद शॉक म्हणजे 'थोडा' शॉक नव्हे. कोरडी चप्पल घालून झिणझिण्या येतात आणि त्याच जागी ओल्या फरशीवर अनवाणी पायाने जीव जातो. उन्हाळ्यात कूलरला चिकटून माणसं दगावतात ती अशीच.

दोष बहुधा पाण्यात बुडणाऱ्या पंपात असतो. वायरचं सील जातं आणि पाणी आत शिरतं. दुसरा संशयित म्हणजे पत्र्याच्या कडेवर घासून सोललेली वायर. पण खरा दोष घरातला आहे: अर्थिंग नसणं. जुन्या पट्टी फिटिंगमध्ये दोनच वायरी असतात. तीन पिनांचं सॉकेट बसवलेलं असतं, पण तिसऱ्या छिद्रामागे काहीच नसतं. वायरमनकडून सॉकेट उघडून बघा.

मेन बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची तीन वायरींची लाइन कूलरपर्यंत ओढा. बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. अर्थिंगचा खड्डा घराजवळ, नळी अडीच मीटरच्या आसपास खोल, भोवती कोळसा आणि मीठ. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि सुकते, नेमकं कूलरच्या दिवसांत अर्थिंग कमजोर पडतं. त्यामुळे खड्ड्यात दर तीन-चार दिवसांनी बादलीभर पाणी ओता. नळाच्या पाइपला अर्थ बांधायची जुनी सवय सोडा. पाइप आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचे आहेत, आणि लोखंडी असला तर तुमचा शॉक शेजारच्या मोरीत जाईल.

पाणी भरताना, पॅड काढताना, टाकीत हात घालताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढायचा. मुलांना हे आधी शिकवा.

वीज किती लागते? इन्व्हर्टरवर चालेल का?

घरगुती कूलर १५० ते २५० वॉट. २०० वॉटचा दहा तास चालला तर दोन युनिट. पंप त्यात जेमतेम १८-२० वॉटचा. १५० एएचच्या नव्या बॅटरीवर एकटा कूलर पाच-सहा तास जातो, जुनी बॅटरी निम्म्यात दम टाकते. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर जुनी मोटार घुं घुं करून तापते. साइन वेव्ह असेल तरच चालवा.

टाकीत बर्फ टाकला तर?

पाच किलो बर्फ वितळून जेवढी उष्णता खेचतो, तेवढी कूलर एरवीच पाच मिनिटांत पाणी उडवून खेचतो. बर्फाचं सरबत करा.

घरात माग आहे. कूलर लावला तर सुताला त्रास होईल?

सुताला उलट बरंच. कोरड्या हवेत सुती धागा ठिसूळ होऊन जास्त तुटतो, दमट हवेत कमी. त्रास कूलरला होतो. कापसाचा बारीक धुरळा पॅडवर नमद्यासारखा बसतो. पॅडच्या बाहेरून मच्छरदाणीची जाळी बांधा आणि ती रोज झटका, किंवा हवा मागाच्या खोलीतून न घेता बाहेरून घ्या. झोत थेट ताण्यावर सोडू नका. शहराच्या पूर्व भागात कूलरच्या आवाजाची तक्रार कधी ऐकू येत नाही, मागांच्या खडखडाटात तो ऐकू येतच नाही.

भिंतींना ओल येते, कपाटं फुगतात.

बाहेर जायची वाट अपुरी आहे, वरचं उत्तर पुन्हा वाचा. शिवाय खिडकीखाली मातीचा गिलावा असेल तर तिथे पत्र्याची पन्हळ लावा, थेंब बाहेर पडू द्या. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून ओल थांबवायला जाऊ नका. ओल आत अडकते आणि गिलावा पोपडा धरून पडतो. चुन्याचा करा.

वास येतो.

पहिले दोन-तीन दिवस नव्या गवताचा येणारच, टाकी दोनदा बदला. नंतर मासळीसारखा आला तर पॅड ओलेच राहून शेवाळतायत. बंद करण्याआधी पंधरा मिनिटं पंप बंद ठेवून पंखा चालवा, पॅड सुकतील.

डासांचं काय?

डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवा डास उडतो. आठवड्यातून एक दिवस टाकी रिकामी करून कडा घासा. नुसतं पाणी ओतून दिलं तर कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात. सगळ्यात धोक्याचा महिना जून. कूलर बंद, टाकी अर्धी भरलेली, आणि कुणाचं लक्ष नाही.

मग सरळ एसीच का घेऊ नये?

एखादी लहान, नीट बंद होणारी झोपायची खोली असेल आणि वायरिंग नवं असेल तर जरूर घ्या. जुन्या घरात दारांच्या फटी, झरोके, १२ फुटी आढं आणि पोटमाळा यांतून गारवा निसटतो, बिल मात्र पूर्ण येतं. दोन्ही एकाच खोलीत एकदम चालवू नका. कूलर दमटपणा भरतो आणि एसी तोच उपसत बसतो.

विकत कधी घ्यावा, दुकानात काय बघावं?

गड्डा यात्रा (सिद्धेश्वराची जानेवारीतली जत्रा) संपली की फेब्रुवारीत बघायला लागा. पाडव्यानंतर भाव आणि बसवणाऱ्याचा रुबाब दोन्ही चढतात. मोटार तांब्याच्या वायंडिंगची आहे हे बिलावर लिहून घ्या. तळाला बूच आहे का, पंप हत्याराशिवाय निघतो का, वायर तीन पिनांची आहे का, पातं हाताने फिरवल्यावर घासतं का, हे उभ्या-उभ्या तपासा. आयएस ३३१५ हे कूलरचं भारतीय मानक आहे, त्याचा उल्लेख असेल तर चांगलंच. दुकानात पाणी घालून चालवायला सांगा. झोतात हात धरा, तळव्यावर तुषार लागले तर तो घरी पुस्तकं आणि स्विचबोर्ड ओले करणार.

मोटार नुसती घुंई करते, पातं फिरत नाही.

प्लग काढून पातं हाताने फिरवा. मोकळं फिरत असेल तर कपॅसिटर गेलाय, स्वस्तातला भाग आहे, मोटारीवर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचाच घ्या. घट्ट असेल तर बुश सुकलाय, मशीन ऑइलचे चार थेंब सोडा. पातं फिरतंय पण हवा गरम आहे, तर पॅडचा वरचा भाग चाचपा. कोरडे पट्टे लागले तर वरच्या नळीची छिद्रं क्षाराने बुजलीत, दाभणाने मोकळी करा. पाणी येतच नसेल तर पंपाची जाळी धुवा. पंप कोरडा चालला की तासाभरात जळतो, म्हणून एक जास्तीचा पंप एप्रिलमध्येच घरात आणून ठेवा.

उन्हाळा संपल्यावर?

टाकी रिकामी करून घासा, एक दिवस उन्हात कोरडी होऊ द्या. गवत फेकून द्या, हनीकोंब धुऊन पूर्ण सुकवून जुन्या चादरीत बांधा. पंप कोरडा करून घरात ठेवा. पत्र्याला गंजाचे ठिपके दिसले तर पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइडचा एक हात द्या. कूलर खिडकीतच राहणार असेल तर नळकांड्याचं तोंड आतून प्लायवूडने बंद करा, नाही तर पावसाळ्यात आत मांजर व्यालेलं सापडतं.